ओलं बी

परळीला थर्मलच्या कॉलनीत आम्हाला जे क्वार्टर मिळालं होतं, त्यात दोन खोल्या, एक मोरी आणि मागं हातभर अंगण होतं, आणि या सगळ्यात राजेशाही जागा कुठली म्हणाल तर मोरी. उन्हाळ्यात आप्पा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घामाघूम होऊन पडलेले असायचे, माय स्टोपुढं भाजून निघायची, मी भिंतीला पाठ लावून गारवा शोधायची, आणि मोरीत एक कुंडी मात्र गारेगार बसलेली असायची. तिच्या तिन्ही बाजूंनी ओली पोती टांगलेली, खिडकीला मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा, शेजारी पाण्याचा रांजण. आंघोळीला जायचं तर आधी ती कुंडी उचलून बाहेर ठेवायची, आपलं उरकायचं, मोरी धुवायची आणि मग कुंडी पुन्हा आत. कधी कंटाळा करून तिला आतच ठेवून आंघोळ केली आणि साबणाचा फेस पानावर उडाला, की माय बंद दाराबाहेरून ओरडायची. तिला ते कसं कळायचं कोण जाणे.

कुंडीतल्या झाडाला अँथुरियम म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आमच्या घरात ते ‘लाल पान’ होतं. पानं पिंपळाच्या घाटाची, पण जाड आणि हिरवीगार. आप्पा म्हणायचे, पिंपळाच्या नात्यातलं दिसतंय, म्हणजे आपल्याच घरचं. त्या पानांतून लांब देठावर एक लालभडक पान निघायचं, तेल लावून पुसल्यासारखं चकचकीत, आणि त्याच्या मधोमध बोटाएवढं पिवळं कणीस. बाजरीचं कणीस कुणी लहान करून तिथं चिकटवावं तसं. आप्पांचे पाळीतले दोस्त घरी आले की हटकून विचारायचे, “पलास्टिकचं हाय का वो?” आणि उत्तर यायच्या आत नखानं टोचून बघायचे. चार-सहा वेळा असं झाल्यावर माय दारातच सांगायला लागली, “ज्याला नख लावून बघायचं हाय, त्यानं सवताच्या गालाला लावावं.” दोस्त लोक हसायचे आणि हात मागं बांधून मोरीत डोकवायचे. पाहुण्याला मोरी दाखवायला नेणारं कॉलनीतलं आमचंच एक घर असेल.

कॉलनीत राख पडायची. थर्मलच्या चिमण्यांतून निघालेली ती बारीक राख दोरीवरच्या कपड्यांवर, खाटेवर घातलेल्या कुरडयांवर, खिडकीच्या गजांवर बसायची, आणि लाल पानावरही. माय रोज सकाळी भोंगा झाला की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, खाली हात धरून, हळूच, लेकराचं तोंड पुसावं तसं. बाकीच्या बायका राखेच्या नावानं बोटं मोडायच्या. मायला राख या गोष्टीचाच राग नव्हता, तिचं म्हणणं एवढंच की ही राख कामाची नाही. “ही दगडाची राख. हिच्यात बी जगत न्हाई. राख पाह्यजे गवरीची.” आणि ती गवरीची राख नांदूरघाटहून, तिच्या माहेराहून, पिशवीत बांधून यष्टीनं आमच्याकडं यायची. लोकांच्या माहेराहून पापड-लोणची येतात. आमच्याकडं राख यायची, हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही.

ती कशाला, तर बियांना. आमच्या खाटेखाली मायची मडकी असायची. दोडका, भोपळा, गवार, वाल, अंबाडी, झेंडू. वेलावरचं पहिलं तेजदार फळ ती खायला द्यायची नाही, ते बियाचं. ते वेलावरच वाळवायचं, बी काढायचं, सुपात घालून कडक उन्हात खडखडीत करायचं, मग चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरायचं. वर कडुलिंबाचा वाळला पाला, आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून बंद. मृग लागेपर्यंत त्या मडक्याला कुणी हात लावायचा नाही. तिच्या आईनं असंच ठेवलं होतं, आजीनं असंच. बी म्हणजे वाळवायचं आणि राखेत ठेवायचं, यात विचारण्यासारखं किंवा सांगण्यासारखं काही आहे असं आमच्यात कुणाला कधी वाटलंच नसेल.

मायच्या माहेरी जमीन नव्हती. आजी दुसऱ्यांच्या रानात पेरणीला जायची. झोपडीच्या कडेनं भोपळा आणि दोडका लावायची, ते मात्र असे यायचे की छपरावर पाय ठेवायला जागा राहायची नाही. गावातल्या बायका एकमेकींकडं बी मागायला जायच्या. हिच्या घरचा वाल तिच्या परसात, तिच्या घरची गवार हिच्या बांधाला. रस्त्यानं जाताना आजीचा भोपळा त्या बघायच्या, चांगला आहे म्हणायच्या आणि पुढं जायच्या. आमच्या वस्तीतलं बी गावातल्या कुठल्या घरात गेलं नाही. मागण्यासाठी आमच्या दारी कुणी आलंच नाही. धम्म घेतल्यावर देव बदलले, नावं बदलली, आप्पांसारखी पोरं शिकून नोकरीला लागली, पण बियाचं तसंच राहिलं. माय हे सांगायची ते गाऱ्हाणं म्हणून नाही. मटकी निवडता निवडता सहज म्हणायची, “सुमे, बी दिल्यानं कमी होत न्हाई म्हंत्यात. पर देयाला आधी कुणी मागाया तर यावं.” मायला दागिन्यांची हौस नव्हती, फिरण्याची नव्हती. कुणीतरी एकदा आपल्या दारी बी मागायला यावं, एवढी एकच हौस तिनं मनात धरली होती, आणि ती घरातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होती.

लाल पान आमच्याकडं आलं ते सरसम्मा चेचीमुळं. चेची, म्हणजे त्यांच्या बोलीत ताई, केरळची, आमची भिंतीला भिंत. तिचा नवरा आप्पांच्याच पाळीत. केसांना खोबरेल तेल, जाड्या भाताचा वास, आणि बोलणं म्हणजे थोडी हिंदी, थोडी मराठी आणि बाकी सगळे हातवारे. मायला हिंदी येत नव्हती, तरी दोघी तासन्‌तास बोलत बसायच्या. माय तिला येसराची आमटी शिकवायची आणि ती तिखटानं डोळे पुसत भुरकायची. ती आमच्याकडं सरळ आत यायची, पिढं ओढून बसायची. तिच्या गावी अशी लाल पानं दारोदार असतात म्हणे, पावसात भिजत, कुणी लक्षही देत नाही. ती एकच कुंडी तिनं इकडं आणली होती आणि आमच्या उन्हात तिला जगवताना बिचारीच्या नाकी नऊ आले होते.

एका पावसाळ्यात चेचीनं मायला त्या कणसाची गंमत दाखवली. कणीस आधी ओलं होतं, त्याच्यावर दवासारखे चिकट थेंब येतात. मग ते थेंब सुकतात आणि काही दिवसांनी त्याच कणसावर पांढरी भुकटी धरते. एका फुलाची भुकटी बोटावर घ्यायची आणि दुसऱ्या ओल्या फुलाला लावायची. चेचीनं बोट फिरवून दाखवलं आणि लाजून हसली. मायनं घरी येऊन मला ते समजावलं, “आधी ते बाई असतंय, मंग त्योच बाप्या हुतोय.” आप्पांनी पेपरची घडी घातली आणि अंगणात निघून गेले. मला तेव्हा सगळं कळलं असं नाही, पण आप्पांच्या चालण्यावरून काहीतरी भारी आहे एवढं कळलं.

ते कणीस फुगायला लागलं आणि चेचीच्या नवऱ्याची बदली झाली. लांबचा प्रवास, दोन गाड्या बदलायच्या, लेकरं लहान. तिनं कुंडी मायच्या हातात दिली. कणसाला बोट लावून म्हणाली, “सुमनम्मा, ये पकेगा. फिर बीज.” माय मान हलवत राहिली, दोघी रडल्या, टांगा आला आणि चेची गेली. पुढं बियाचं काय करायचं ते चेचीनं सांगितलं नाही, कारण तिच्या मुलखात फळातून बी निघालं की ते सरळ ओल्या मातीवर टाकतात. यापलीकडं दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. आणि मायनं विचारलं नाही, कारण बियाचं काय करायचं हे तिला लहानपणापासून येत होतं.

कणीस पिकायला हिवाळा सरला. हिरव्या फोडांनी ते भरून गेलं, मग फोड पिवळे-केशरी झाले आणि एके सकाळी कणसातून बाहेर येऊन बारीक दोऱ्यांवर लोंबायला लागले. मी शाळेत उशिरा गेले त्या दिवशी. समोरच्या ओळीत राहणाऱ्या काकूही नळावरून जाता जाता खिडकीतून ते बघून गेल्या. या काकू धारूरच्या. किल्ल्याच्या खालच्या अंगाला त्यांची मोठी शेती, नवरा आप्पांच्या वरच्या हुद्द्यावर, आणि कॉलनीत सगळ्यात देखणी बाग त्यांची. गुलाब, शेवंती, मोगरा. बोलायला मोकळ्या होत्या, हसतमुख होत्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी खिडकीशी थांबून म्हणाल्या, “सुमनच्या आई, बी झालं तर मला द्या बरं का. मला लई हौस हाय अशा झाडांची.”

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. आप्पांनी एक शब्द न काढता तीन भाकरी खाल्ल्या आणि दोन तांबे पाणी प्यायले.

मग मायनं तिला येत होतं ते सगळं जीव लावून केलं. फळं दाबून बी काढलं, वाटीभर पाण्यात चोळून बुळबुळीत गर धुतला. ते पाणी मोरीत न ओतता तिनं कुंडीतच ओतलं. आमच्याकडं पाणी वाया घालवायची पद्धत नव्हती. बी सुपात घातलं, कडक ऊन दिलं, चिमणी-कावळ्यांना हाकलायला मला बसवलं. नांदूरघाटची राख दोनदा चाळली. नवं मडकं आणलं. तोंड लिंपून झाल्यावर तिनं त्यावर हाताचा पंजा दाबून ठसा उठवला, जो ती बाकीच्या मडक्यांवर कधी उठवत नव्हती. मृगाला मडकं फुटलं. टपोरं टपोरं बी निवडून तिनं कागदात बांधलं. मी म्हटलं, नेऊन देते काकूंना. “न्हाई,” माय म्हणाली, “तिची ती यील.” आणि काकू आल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी ओंजळ पुढं केली, मायनं वरून पुडी सोडली. बोटाला बोट लागलं नाही. मला त्यात तेव्हा काही वेगळं वाटलं नाही, देणं-घेणं तसंच बघत आले होते मी.

बी उगवलं नाही. आमचं नाही, काकूंचंही नाही. माय रोज कुंड्यांवर वाकायची, माती बोटानं उकरायची. महिना गेला. “कावून येत न्हाई गं?” ती मलाच विचारायची. आणि एकदा नळावर पाणी भरताना, काकू दुसऱ्या एका बाईशी बोलत होत्या; माय मागं घागर घेऊन उभी आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. “बी चांगलंच असंल वो,” काकू म्हणाल्या, “पण देणाऱ्याच्या हातालाबी गुण लागतो.”

काकू वाईट मनानं बोलल्या असं मला आजही वाटत नाही. नळावर माणसं असंच काहीबाही बोलतात. पण मायनं घागर भरली, घरी आणली, खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. स्टो पेटला नाही. मी जवळ गेले तर तिनं दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, “माझा हातच तसला हाय का गं सुमे?” मी तिचे हात धरले आणि रडायला लागले, मग तिलाच मला गप्प करावं लागलं. चाळीस घरांच्या त्या ओळींतून एकदा कुणीतरी मागायला आलं होतं आणि गेलं ते असं म्हणून गेलं. आता पुन्हा कोण येणार होतं?

त्यानंतर मायनं लाल पानाला हात लावायचं सोडलं. मोरीत गेली तरी तिकडं बघायची नाही. मग आप्पांनी ते काम घेतलं. पहिल्या पाळीवरून आले की पायातले बूट न काढताच मोरीत उकिडवे बसायचे आणि स्वतःच्या रुमालानं पानं पुसायचे. त्यांच्या हाताला पान्याची सवय, एक पान त्यांनी पुसता पुसता मोडलंही आणि गुपचूप खिशात घातलं. मला दिसलं ते. असे आठ-पंधरा दिवस गेले असतील. एकदा मोरीतून त्यांचा आवाज आला, “अगं, हिकडं ये. कुंडीत गवत आलंय बारीक बारीक. उपटून टाकू का?”

माय पिठाच्या हातानं धावली. “हात लावू नगा!” आप्पांनी हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. कुंडीतल्या मोठ्या पानांच्या सावलीत, ओल्या शेवाळावर, मुगाच्या दाण्याएवढी पानं होती. मायनं नाक टेकेपर्यंत वाकून बघितलं. ती पानं पिंपळाच्या घाटाची होती. ती तशीच वाकलेली, आणि आम्ही दोघं तिच्या पाठीकडं बघत उभे. “धुवणाचं पाणी,” ती पुटपुटली. “त्या दिशी फळं धुतली ते पाणी म्या हितंच वतलं. गरात चिकटून काई बी गेलं आसंल. ते ओलंच पडलं. ते जगलं.” मग उठून उभी राहिली, कपाळाला पिठाचा हात लागला. “याला ऊन सोसत न्हाई. राख तर न्हाईच न्हाई. म्या लई माया केली आन्‌ वाळवून मारलं त्याला.” आणि हे म्हणताना ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “म्हंजी हाताला काई न्हाई झालेलं माझ्या.”

आप्पा म्हणाले, “मंग आत्ताच जाऊन सांग त्या धारूरवालीला.”

“सांगून काय हुतंय?” माय म्हणाली. “झाडं मोठी हुंद्या. तिची ती यील.”

आता मी राहते लातूरला, पोस्टातून निवृत्त होऊन बसले आहे. इथल्या रोपवाटिकेत अँथुरियमची रोपं ओळीनं मांडलेली असतात, सगळी एकसारखी, सगळी एकाच उंचीची. नातू म्हणतो, आजी, ऑनलाइन मागव, उद्या दारात येईल. मी त्याला म्हटलं, येईल रे, पण त्याच्यात भांडायला काय आहे? बियापासून केलेलं झाड फुलायला दोन-तीन वर्षं घेतं आणि फुलेपर्यंत आपला रंग सांगत नाही, म्हणून त्याच्याशी आपलं भांडण जमतं. माझ्याही बाथरूममध्ये तीन कुंड्या आहेत. नळ दुरुस्त करायला येणारा माणूस त्या बघून दर वेळी हसतो आणि मी दर वेळी त्याच्याकडं दुर्लक्ष करते.

तर ती रोपं मोठी होईपर्यंतचे उन्हाळे आम्ही कसे काढले, ते आम्हालाच माहीत. त्यांना माती चालेना, मोकळं काहीतरी हवं होतं. माय मला घेऊन वैजनाथाच्या देवळाकडं गेली आणि पायऱ्यांखाली पडलेल्या नारळाच्या शेंड्या पोतंभर उचलून आणल्या. आप्पा दारातच आडवे झाले. “आपल्या घरात देवळातला नारळ? लोक काय म्हंतील?” माय म्हणाली, “नारळ देवाचा आसंल. शेंडी झाडाची हाय.” आप्पांनी पोतं आत ओढलं आणि स्वतःच बसून शेंड्या पिंजायला लागले. तुपाचे पत्र्याचे डबे, कान तुटलेले कप, माझी शाळेची फुटकी डब्बी, मिळेल त्यात रोपं लागली. मोरीत माणसाला जागा उरली नाही. आप्पा अंगणात पोती लावून आंघोळ करायचे आणि मोठमोठ्यानं वंदना म्हणायचे, म्हणजे शेजाऱ्यांना कळावं की इकडं बघायचं नाही. आम्ही खिचडी खायची, भाकरी-ठेचा खायचा, आणि मायला विचारायचं, आज किती पानं आली.

पहिलं फूल आलं ते लाल नव्हतं. गुलाबी होतं, फिकं, कडेला हिरवी झाक. दुसऱ्याला विटेचा रंग आला, तिसरं जवळजवळ पांढरं. माय सगळ्या कुंड्या एका ओळीत मांडून बघत बसली. “एका मायची लेकरं,” ती म्हणायची, “आन्‌ रंग बघा एकेकाचे.” श्रावणातल्या एका आठवड्यात, ऊन नाही असं बघून, तिनं त्या कुंड्या पहिल्यांदा दारापुढच्या पायरीवर ठेवल्या. येणारी-जाणारी माणसं थांबली. कुणी पलास्टिक म्हटलं, कुणी नख लावायला गेलं, माय गालाचं बोलली. समोरच्या ओळीतून काकू रोज बघत होत्या. कपडे वाळत घालताना बघायच्या, दूध घेताना बघायच्या. येत नव्हत्या. मायही तिकडं बघत नव्हती, पण कुंड्या मात्र रोज सकाळी दहा वाजता अशा ठेवायची की समोरच्या दारातून सगळ्यात चांगलं गुलाबी फूलच दिसावं.

सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी काकू आल्या. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. पदराशी चाळा करत होत्या. “सुमनच्या आई,” त्या म्हणाल्या, “आता तरी मला बी देता का?”

माय म्हणाली, “हे बी देता येत न्हाई, वैनी.”

काकूंचा चेहरा पडला. त्या वळल्याच होत्या. “तसं न्हाई,” माय घाईनं म्हणाली. “म्हंजी पुडी बांधून नेता येत न्हाई. वाळलं की मेलं. फळ फोडायचं आन्‌ तितल्या तितं पेरायचं. माझ्याच चुकीनं मागलं मेलं. फळ पिकलं का सांगावा धाडते. कुंडी घिऊन तुमी हितं या.”

फळ पिकेपर्यंत संक्रांत उलटली. मी सांगावा घेऊन गेले. काकू मातीची कुंडी कमरेवर घेऊन आल्या, आणि उंबऱ्याशी येऊन थांबल्या. मायनं आतूनच हाक मारली, “मोरीत या, हितं गार हाय.” काकूंनी चपला काढल्या. बाहेरची खोली ओलांडली, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि मोरीच्या कट्ट्यावर लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बसल्या. मधे परात, परातीत पाणी. माय एक फळ दाबायची, एक त्यांच्या हातात द्यायची. ते फळ दाबलं की बी गरासकट सटकन निघतं आणि बोटाला असं चिकटतं की झटकून जात नाही. काकू झटकत राहिल्या. मग मायनं त्यांचं बोट धरलं आणि अंगठ्याच्या नखानं बी सोडवून परातीत टाकलं. दुसरं बोट, तिसरं बोट. चारही हात त्या एका पाण्यात.

“आमच्या धारूरला सगळं बी राखंत ठेवत्यात,” काकू बोलता बोलता म्हणाल्या. “ज्वारी म्हणू नका, तूर म्हणू नका. मीपण हे वाळवलंच असतं बगा.”

“मंग तुमच्या हातनंबी मेलंच असतं,” माय म्हणाली. वर न बघता.

काकूंचे हात पाण्यात थांबले. मला वाटलं, आता उठून जातात. “मेलंच असतं की,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं, मायला आलं, आणि दोघी इतक्या हसल्या की परातीतलं पाणी सांडलं आणि मला वाकून बी गोळा करावं लागलं.

त्या दिवशी काकूंनी आमच्याकडं चहा घेतला का, असं ही गोष्ट ऐकून लोक मला विचारतात. नाही घेतला. माय आग्रह करत होती, काकू म्हणाल्या उशीर झाला, स्वयंपाक पडलाय. लिहिताना मी त्यांच्या हातात कप देऊ शकले असते, पण तसं झालं नाही आणि मायनं तेवढं मनावरही घेतलं नाही. तिचं लक्ष कुंडीकडं होतं. शेंडीच्या पिंज्यावर बी कसं नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही, वर काच कशी झाकायची, हे ती काकूंना पुन्हा पुन्हा सांगत फाटकापर्यंत गेली. काकू कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाल्या. ते बी उगवलं. सगळं उगवलं. काकूंनी ते गल्लीभर ओरडून सांगितलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी आप्पा पाळीवरून आले, ओली परात बघून म्हणाले, काय झालं? “काई न्हाई,” माय म्हणाली, “शेजारीण बी मागाया आलती.” आणि तवा ठेवला. दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन यायला उशीर झाला तो बी मागणाऱ्या शेजारणीमुळं, असं तिनं दूधवाल्याला सांगितलं. मग भाजीवालीला. मग नांदूरघाटहून राख घेऊन आलेल्या मामाला, हातातली बांगडी मागं सारत, कपाळाला आठ्या घालत, “काय सांगू बाबा तुला, लई वैताग आलाय. सारखं कुनी ना कुनी बी मागाया येतंय. एकीला दिलं का दुसरी दारात हुबी. एकट्या मानसानं कुनाकुनाला पुरायचं सांग?” आलेल्या होत्या त्या एकट्या काकू. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला, मामाकडं बघून गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, “खरं हाय. लई तरास हाय बिचारीला.”